शब्दांची चोरी तपासता, आकड्यांचं काय?

प्रति,
मा. कुलगुरू, अधिष्ठाता आणि संशोधन व मान्यता समित्यांचे सदस्य,
महाराष्ट्रातील विद्यापीठे

विषय : पीएच.डी.च्या प्रबंधासोबत कच्चा डेटा, कोडबुक (रकान्यांचे अर्थ सांगणारी यादी) आणि विश्लेषणाच्या संगणकीय आज्ञा जमा करून घेण्याबाबत

महोदय / महोदया,
स. न. वि. वि.

प्रबंध दाखल होताना सगळीकडे हमखास होणारी यांत्रिक तपासणी एकच, मजकुराच्या साम्याची. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त प्रत द्यावी लागते. ४० ते ६० असेल तर वर्षभर थांबावं लागतं. आणि ६० च्या वर गेलं की नोंदणी रद्द. ही तपासणी असू द्या. पण ती शब्दांची आहे. ज्या प्रबंधातला प्रत्येक आकडा घरी बसून भरला आहे, त्याचा अहवाल ४ टक्के येऊ शकतो. विहिरींचं पाणी नेमानं तपासणाऱ्याचा १४ येतो, कारण टायट्रेशनची पद्धत सगळे जवळजवळ त्याच शब्दांत लिहितात. मग तो बिचारा साम्य कमी करायला पद्धतीची वाक्यं फिरवत बसतो आणि त्या नादात पद्धतच चुकीची लिहितो.

आकडे कोण तपासतं? आजवर उत्तर असायचं की नियतकालिकाचे समीक्षक तपासतात, प्रबंधाआधी लेख छापून आला म्हणजे झालं. त्या उत्तरात किती दम होता ते २०१८ मध्येच दिसलं होतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांचा सहभाग असलेल्या एका पाहणीत आढळलं, की विद्यापीठांच्या शिफारशीने यूजीसीच्या यादीत शिरलेल्या आणि कोणत्याही मान्य सूचीत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असावीत. त्यानंतर यूजीसीचीच ‘केअर’ ही मान्य नियतकालिकांची यादी आली. नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनी प्रबंधापूर्वी लेख छापण्याची अट काढली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘केअर’ यादीही बंद झाल्याचं जाहीर झालं. म्हणजे दर्जा ठरवण्याची जबाबदारी फिरून आपल्याच टेबलावर आली आहे. ती नवी यादी करण्यात घालवू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

आमची मागणी अशी : प्रबंधातला कोणताही तक्ता तिऱ्हाईत माणसाला मूळ नोंदींपासून पुन्हा काढता आला पाहिजे, आणि त्यासाठी लागणाऱ्या फाइली प्रबंधासोबत जमा झाल्या पाहिजेत. रसायनशास्त्र, भूगोल, पर्यावरण, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र, जिथे जिथे आकडे आहेत तिथे तिथे. आम्ही प्रयोगशाळा, क्षेत्र-पाहणी आणि सांख्यिकी या तीन बाजूंनी या कामाशी संबंधित आहोत, त्यामुळे नेमकं काय चुकतं आणि ते कुठे सापडतं हे तपशिलाने सांगतो.

सगळ्यात सोपी तपासणी आधी. २५ शिक्षकांनी एका विधानाला १ ते ५ पैकी पूर्णांकात गुण दिले आणि तक्त्यात सरासरी ३.४७ छापली आहे. २५ जणांच्या गुणांची बेरीज पूर्णांकच असणार. बेरीज ८६ असेल तर सरासरी ३.४४, ८७ असेल तर ३.४८. मधलं ३.४७ येऊच शकत नाही. निक ब्राउन आणि जेम्स हेदर्स यांनी २०१६ मध्ये ही युक्ती ‘ग्रिम’ या नावाने मांडली आणि मानसशास्त्रातल्या ७१ लेखांना लावून पाहिली. ३६ लेखांत निदान एक सरासरी अशक्य निघाली. कॅल्क्युलेटरखेरीज काही लागत नाही. दोन दशांश स्थळांपर्यंत छापलेल्या सरासरीसाठी ती शंभराच्या आतल्या नमुन्यांवर चालते. अनेक विधानांची मिळून सरासरी काढली असेल तर माणसांच्या संख्येला विधानांच्या संख्येने गुणून मग पाहायचं. १० विधानं आणि २५ माणसं म्हणजे २५०, तिथे ती निरुपयोगी.

अशक्य सरासरी दिसली म्हणजे लबाडी झाली असं मात्र धरू नका. दोघांनी उत्तर रिकामं सोडलं असेल आणि भागाकार २३ ने झाला असेल. (तसं असेल तर ८० भागिले २३ म्हणजे ३.४८; इथे तरीही जुळत नाही, पण इतरत्र जुळेल.) टंकलेखनात ८ चा ७ झाला असेल. यातलं काय घडलं हे फक्त मूळ तक्ता सांगू शकतो, आणि तो आज कोणाकडेच नसतो. शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या राष्ट्रीय ऑनलाइन संग्रहात, प्रबंध मिळतो तो पीडीएफच्या प्रकरणांत चिरलेला, कित्येकदा स्कॅन करून चिकटवलेल्या तक्त्यांसह.

आता विज्ञान शाखेकडे येऊ. भूजलाच्या गुणवत्तेवरचे प्रबंध आपल्याकडे भरपूर होतात, आणि पाण्याच्या पृथक्करणाला एक अंगभूत हिशेब असतो. पाणी विद्युतदृष्ट्या उदासीन असतं, म्हणून धन आयनांची बेरीज ऋण आयनांच्या बेरजेइतकी यायला हवी. लिटरमागे मिलिग्रॅममधला आकडा त्या आयनाच्या सममूल्य भाराने भागायचा : कॅल्शियम २०.०४, मॅग्नेशियम १२.१५, सोडियम २३, पोटॅशियम ३९.१, बायकार्बोनेट ६१, क्लोराइड ३५.४५, सल्फेट ४८, नायट्रेट ६२. समजा कॅल्शियम ८०, मॅग्नेशियम ३६, सोडियम ६९, पोटॅशियम २, बेरीज १०.०१ मिलिइक्विव्हॅलंट. समोर बायकार्बोनेट ३६६, क्लोराइड ७१, सल्फेट ४८, नायट्रेट ४५, बेरीज ९.७३. फरकाला एकूण बेरजेने भागून टक्केवारी काढली तर १.४. पाच टक्क्यांच्या आत आहे, ठीक.

या हिशेबात नेहमी सापडणारी चूक एककाची असते. प्रयोगशाळा अल्कता देते ती ‘कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात’, इथे ३००. तिला १.२२ ने गुणलं की बायकार्बोनेट ३६६ होतं. विद्यार्थी ३०० हाच आकडा बायकार्बोनेटच्या रकान्यात टाकतो. ऋण बाजू ८.६५ वर घसरते आणि फरक ७.३ टक्के होतो. नायट्रेटचंही तसंच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीत, मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे ती नायट्रेट म्हणून. काही उपकरणं आकडा नायट्रोजन म्हणून दाखवतात, आणि दोहोंत ४.४३ पटींचा फरक आहे. उपकरणावर १२ दिसलं म्हणजे खरं नायट्रेट ५३. रकान्याच्या मथळ्यात ‘नायट्रेट’ एवढंच लिहिलं असेल, तर धोक्यातली विहीर प्रबंधात सुरक्षित ठरते, आणि तो प्रबंध वाचून कोणी ग्रामपंचायतीला सल्ला दिला तर तोही चुकतो. नायट्रेटची ही चूक आयनांच्या ताळेबंदात सहसा पकडलीही जात नाही, कारण त्या बेरजेत नायट्रेटचा वाटा लहान असतो.

ताळेबंद न जुळणं वाईटच, पण सगळ्याच्या सगळ्या ६० नमुन्यांत तो शून्य पूर्णांक काहीतरी टक्क्यांनी जुळला तर त्याहून सावध व्हा. बहुधा सोडियम मोजलेलंच नसतं. बाकीच्या बेरजेतून वजाबाकी करून भरलेलं असतं. सोडियम मोजणाऱ्या उपकरणाची, फ्लेम फोटोमीटरची, वही मागितली की उलगडा होतो.

आणि काही चुका अशा, की त्या ताळेबंदालाही दिसत नाहीत. बेसॉल्टमधल्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून आठवडाभर टेबलावर राहिलं, तर विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निसटतो, सामू वाढतो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसतो. कॅल्शियम आणि बायकार्बोनेट समप्रमाणात घटतात, म्हणून बेरजा जुळतच राहतात. पाण्याची रचना मात्र बदललेली असते. म्हणून सामू, विद्युत वाहकता आणि अल्कता विहिरीवरच मोजायची, नायट्रेटचा नमुना बर्फाच्या पेटीतून आणून ४८ तासांत तपासायचा, धातू तपासायच्या नमुन्याच्या बाटलीत तिथल्या तिथे गाळून आम्ल घालायचं. हे झालं की नाही ते कळण्याचा एकमेव पुरावा म्हणजे नमुना घेतल्याची आणि तपासल्याची तारीख-वेळ लिहिलेली वही. प्रबंधात ‘प्रमाणित पद्धतीनुसार’ एवढं लिहून भागतं. वहीत भागत नाही.

सामाजिक शास्त्रांकडे आलं की एक आकडा सगळीकडे भेटतो : ३८४. विषय कोणताही असो, बचत गट, ऑनलाइन शिक्षण किंवा पीकविमा, प्रतिसादक ३८४. हा आकडा येतो कुठून? १.९६ चा वर्ग गुणिले ०.२५, भागिले ०.०५ चा वर्ग. म्हणजे ९५ टक्के विश्वासपातळी, पाच टक्क्यांची त्रुटी, आणि प्रत्येक माणूस स्वतंत्रपणे यदृच्छेने निवडलेला. शेवटची अट कोणी पाळत नाही. पाळणं अवघडही आहे, जिल्हाभर विखुरलेल्या ३८४ घरी कोण जाणार? प्रत्यक्षात १९ गावं घेतली जातात आणि दर गावात २० घरं.

एका गावातली घरं एकमेकांसारखी असतात. त्या सारखेपणाचं माप (शून्य म्हणजे मुळीच सारखी नाहीत, एक म्हणजे तंतोतंत सारखी) ०.०५ इतकं कमी धरलं, तरी नमुन्याची किंमत १.९५ ने भागली जाते (१ अधिक १९ गुणिले ०.०५). ३८० घरं १९५ सारखी वागतात आणि पाच टक्क्यांची म्हणून जाहीर केलेली त्रुटी सात टक्के होते. माप ०.१ असेल तर उरतात १३१. आणि प्रश्न ‘पिण्याचं पाणी कुठून येतं’ असा असेल, जिथे अख्ख्या गावाला एकच टाकी आहे, तर तुमचा नमुना जवळपास १९ चा आहे, मग घरं कितीही घ्या. उपाय सोपा : गावं वाढवा, दर गावातली घरं कमी करा. ३८ गावांत दहा-दहा घरं घेतली तर त्याच ३८० घरांना ०.०५ वर २६२ ची किंमत येते. प्रवासखर्च वाढतो हे खरं. पण झालेल्या प्रबंधात हे तपासायचं कसं? त्यासाठी डेटात गावाचा क्रमांक हा रकाना हवा, आणि नेमका तोच ‘जिल्ह्यातील ३८४ प्रतिसादक’ म्हणताना गळून पडतो.

किती घरांना गेलो, किती बंद होती, किती जणांनी नकार दिला, ही नोंदही तशीच हरवते. बीडमधल्या गावात जानेवारीत पाहणी केली तर ऊसतोडीला गेलेल्यांच्या दाराला कुलूप असतं. शेजारचं उघडं घर घेऊन संख्या पुरी केली जाते आणि निष्कर्ष निघतो, की गावात स्थलांतर फारसं नाही. पाहणीत ‘बंद घर’ हीसुद्धा एक नोंद आहे. तिला ओळ द्या, तारीख द्या, दुसऱ्या फेरीची तारीख द्या. व्हॉट्सॲप गटावर गूगल फॉर्मची लिंक टाकून मिळवलेल्या ३८४ उत्तरांना तर त्रुटीची टक्केवारी लावण्याचा अधिकारच नाही. ती माहिती वापरू नये असं नाही. पण ‘आम्हाला ज्यांनी उत्तर दिलं त्यांच्यात’ एवढंच त्यावरून म्हणता येतं.

क्रोनबॅक अल्फाचं, म्हणजे प्रश्नावलीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणाऱ्या आकड्याचं, एक सांगून पुढे जातो. ०.७ च्या वर आला की प्रश्नावली विश्वसनीय, असं प्रत्येक प्रबंधात असतं. विधानांतला सरासरी सहसंबंध ०.१, म्हणजे जवळजवळ नाहीच, असला तरी ३० विधानं घातली की अल्फा ०.७७ येतो. तो विधानांच्या संख्येने फुगतो. उलट अर्थाच्या विधानांचे गुण फिरवायचे राहिले असतील, तर चांगल्या प्रश्नावलीचाही अल्फा कोसळतो. ही दोन्ही कोडी एकेका विधानाची उत्तरं समोर असली की पाच मिनिटांत सुटतात. एकत्रित गुणांच्या तक्त्यावरून कधीच नाही. परिशिष्टात इंग्रजी प्रश्नावली छापलेली असते आणि घरोघरी विचारलेली मराठी, अहिराणी किंवा कोकणी असते. जी प्रत्यक्ष विचारली तीच जमा व्हावी.

हे सगळं सूक्ष्म वाटत असेल तर महाराष्ट्रातल्याच एका माणसाचं काम आठवा. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे. पिकाचं उत्पादन काढायला शेतातला किती मोठा तुकडा कापावा, यावरून १९४० च्या दशकात त्यांचा आणि दुसरे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा मोठा वाद झाला. सुखात्मे यांनी वेगवेगळ्या आकाराचे तुकडे कापून आकडे शेजारी शेजारी मांडले आणि दाखवलं, की लहान तुकडे उत्पादन फुगवून सांगतात. काठावरचं रोप आत धरायचं की बाहेर, अशा वेळी कापणाऱ्याचा हात ते आत धरतो. आता हिशेब करा : ६० सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात कड तीन सेंटिमीटर बाहेर सरकली तर क्षेत्र १० टक्क्यांनी वाढतं, पाच मीटर बाजूच्या चौकोनात तेवढीच चूक अडीच टक्क्यांच्या आत राहते. दोरी कुठे धरली हा प्रश्न देशाच्या अन्नधान्याच्या आकड्यापर्यंत पोचत होता. तो निकाली निघू शकला, कारण तुकड्यातुकड्याचे आकडे मांडलेले होते. मातीच्या नमुन्यालाही हेच लागू : २२ सेंटिमीटरचा ‘व्ही’ आकाराचा खड्डा घेतला की वरवरची माती खरवडली, बांधाजवळून आणि उकिरड्याजवळून घेतली का, जस्त तपासायचं असताना गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचाच मुलामा दिलेलं, घमेलं वापरलं का, सेंद्रिय कर्बाच्या वॉकले-ब्लॅक पद्धतीत १.३ चा गुणक लावला की नाही. शेवटच्या एका प्रश्नावर दोन प्रबंधांच्या निष्कर्षांत ३० टक्क्यांचा फरक पडतो.

उरलेल्या चुका टेबलावरच्या. एक्सेलमध्ये जमीनधारणेचा गट ‘१-२’ एकर टंकला की तो एक फेब्रुवारी होतो, ‘५-१०’ पाच ऑक्टोबर. हसू नका, जनुकशास्त्रात ‘मार्च१’ आणि ‘सेप्ट२’ या जनुकांच्या तारखा होत राहिल्या आणि शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावं बदलली. ‘उत्तर नाही’साठी ९९ हा संकेत वापरला आणि तो वगळायचा राहिला, तर ४०० पैकी १२ जणांमुळे ४२ वर्षांचं सरासरी वय ४३.७ होतं. वयात ते खपून जाईल. मुलांच्या संख्येच्या रकान्यात सरासरी दोनाची जवळपास पाच होईल.

मोठ्या नावांनाही हे चुकलेलं नाही. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांनी २०१० मध्ये मांडलं, की सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की सरासरी वाढ उणे ०.१ टक्क्यावर येते. जगभरच्या काटकसरीच्या धोरणांनी त्याचा आधार घेतला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्नडन हा विद्यार्थी आणि त्याचे दोन प्राध्यापक, मायकेल ॲश आणि रॉबर्ट पॉलिन, यांनी तोच हिशेब पुन्हा केला आणि आकडा आला अधिक २.२. सूत्रात ओळ ४९ ऐवजी ४४ पर्यंतच धरल्याने ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क सुटले होते. चर्चा या सुटलेल्या ओळींचीच झाली, पण मोठा फरक वेगळ्या कारणांनी पडला होता : काही देशांची काही वर्षं वगळली होती, आणि न्यूझीलंडच्या एकट्या १९५१ सालाला (उणे ७.६) ब्रिटनच्या १९ वर्षांइतकंच वजन दिलं होतं. हे उघडकीला आलं, कारण मूळ लेखकांनी आपली एक्सेल फाइल त्या विद्यार्थ्याला दिली. न देणाऱ्यांचं उदाहरण मे २०२० चं. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनवरचा ‘लॅन्सेट’मधला लेख २२ मेला आला, ९६ हजार रुग्णांचा. मूळ नोंदी त्रयस्थ तपासनिसांना द्यायला डेटा बाळगणाऱ्या कंपनीने नकार दिला आणि ४ जूनला लेख मागे घ्यावा लागला.

तर जमा काय करायचं? पहिली फाइल कच्च्या नोंदींची, जशा आल्या तशा, सीएसव्ही (स्वल्पविरामांनी विभागलेल्या साध्या मजकुराच्या) स्वरूपात. एका ओळीत एक घर किंवा एक नमुना. रंग, विलीन केलेले चौकोन आणि मधल्या बेरजा नकोत. मराठी मजकूर युनिकोडमध्येच. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या नोंदी पाच वर्षांनी उघडल्या की गिचमिड अक्षरांखेरीज काही दिसत नाही. दुसरी फाइल कोडबुक : रकान्याचं नाव, पूर्ण प्रश्न किंवा मोजलेली गोष्ट, एकक (नायट्रेट की नायट्रोजन, हे इथे), संकेत, आणि माहिती नसेल तर काय लिहिलं. तिसरी, कच्च्यापासून तक्त्यापर्यंत नेणाऱ्या आज्ञा. ‘आर’ या सांख्यिकीच्या संगणकभाषेत काम करणाऱ्यांकडे त्या आपोआप असतात. एसपीएसएस हे सांख्यिकीचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी ‘ओके’ऐवजी ‘पेस्ट’ दाबायची सवय लावावी, म्हणजे प्रत्येक आज्ञा सिंटॅक्स फाइलमध्ये साठते. नुसती आउटपुटची फाइल पुरत नाही. काय वगळलं ते तिच्यात दिसत नाही. चौथी, प्रयोगशाळेच्या किंवा क्षेत्रकार्याच्या वहीचं स्कॅन : उपकरणाचं कॅलिब्रेशन, प्रत्येक तुकडीबरोबरचा कोरा नमुना, दहातल्या एका नमुन्याची दुहेरी तपासणी. हे सगळं, वहीचं स्कॅन सोडलं तर, ४०० घरं आणि १५० रकान्यांसाठी एक एमबीसुद्धा होत नाही.

ठेवायचं कुठे, हा प्रश्न विद्यापीठाचं ग्रंथालय सोडवू शकतं. युरोपातली सर्न ही संशोधनसंस्था चालवत असलेल्या झेनोडो या ऑनलाइन संग्रहावर एका नोंदीला ५० जीबीपर्यंत फुकट जागा आणि कायमचा डीओआय (ऑनलाइन ओळख) क्रमांक मिळतो. विद्यापीठाचा स्वतःचा डीस्पेस (डिजिटल संग्रहाचं सॉफ्टवेअर) वापरणारा संग्रह असेल तर तिथे ठेवा. ‘माझा डेटा कोणी पळवेल’ ही भीती रास्त आहे. दोन वर्षं फाइल बंद ठेवण्याची सोय द्या, परीक्षकांना मात्र ती उघडी हवी.

गोपनीयतेचं काय, हे समितीत कोणीतरी विचारेलच, आणि विचारायलाच हवं. नाव, फोन आणि जमिनीचा गट क्रमांक काढणं ही फक्त सुरुवात आहे. चारशे उंबऱ्यांच्या गावात ‘महिला सरपंच, वय ४५’ एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. वय पाच-पाच वर्षांच्या गटांत टाका, पाचाहून कमी माणसं उरतील असे गट एकत्र करा, अक्षांश-रेखांश दोन दशांशांपर्यंतच ठेवा म्हणजे जागा सुमारे एका किलोमीटरच्या टापूत धूसर होते. गावाच्या नावाऐवजी क्रमांक दिला तरी वर सांगितलेला नमुन्याचा हिशेब होतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये संशोधनाला सवलत आहे, पण ती अटींसह. त्या माहितीवरून विशिष्ट व्यक्तीबद्दल निर्णय घेता येत नाही. संमतीपत्रं विभागात कुलपात राहू द्या, ती कुठेही चढवू नका. आणि संमतीपत्रातच ‘ओळख काढून ही माहिती इतर अभ्यासकांना दिली जाईल’ हे वाक्य आधीपासून हवं. नंतर घालता येत नाही.

मुलाखतींवर आधारलेल्या गुणात्मक प्रबंधांवर ही चौकट जशीच्या तशी लादू नका. हिंसाचाराबद्दल बोललेल्या बाईची मुलाखत कुठेही जमा होता कामा नये. तिथे मुलाखतीची प्रश्नसूची, संकेतांची यादी, आणि महिना, तालुका व कालावधी एवढंच सांगणारा मुलाखतींचा तक्ता पुरे. वनस्पतिशास्त्रातही अपवाद लागेल. नरक्यातून कॅम्प्टोथेसिन मिळतं म्हणून सह्याद्रीत त्याची बेसुमार तोड झाली. अशा प्रजातींच्या जागा उघड करणारी फाइल तोडणाऱ्यांच्याच उपयोगी पडेल.

नोंदणीच्या वेळी एक पान जास्तीचं मागा. मुख्य मोजमाप कोणतं, नमुना किती आणि त्याचा हिशेब काय, कोणत्या नोंदी वगळणार, मुख्य चाचणी कोणती. त्यावर तारीख टाकून ते पान बंद करा. नंतर बदल करायला हरकत नाही, क्षेत्रकार्यात बदल होतातच. फक्त तो बदल आहे असं प्रबंधात लिहावं लागेल. आज गृहीतकं निकाल पाहून लिहिली जातात आणि सगळीच्या सगळी सिद्ध होतात. मानसशास्त्रातले १०० प्रयोग २०१५ मध्ये पुन्हा करून पाहिले गेले. मूळ निकालांत ९७ टक्के सांख्यिकीच्या दृष्टीने सार्थ होते, पुनरावृत्तीत ३६ टक्केच राहिले. आपल्याकडच्या शंभर टक्के सिद्ध गृहीतकांना तशी परीक्षा द्यावीच लागलेली नाही.

शेवटचा मुद्दा मौखिकीचा. परीक्षकाने प्रबंधातला कोणताही एक तक्ता निवडावा आणि उमेदवाराने लॅपटॉप उघडून तो कच्च्या फाइलपासून सर्वांसमोर काढून दाखवावा. पंधरा मिनिटं द्या. ज्याने विश्लेषण स्वतः केलं आहे त्याला हे जड जात नाही. ज्याने पैसे देऊन बाहेरून करून घेतलं आहे, त्याचा प्रश्न तिथेच समोर येईल, आणि तशी दुकानं किती आहेत हे आपल्याला आमच्याहून चांगलं ठाऊक आहे. मौखिकीच्या आदल्या आठवड्यात सांख्यिकी विभागातल्या एका शिक्षकाने अर्धा दिवस देऊन दोन तक्ते पडताळावेत. त्या कामाला कार्यभारात तास द्या, नाहीतर कोणी करणार नाही.

येत्या शैक्षणिक वर्षापासून नव्याने नोंदणी होणाऱ्यांना हे सक्तीचं करावं, आधी नोंदणी झालेल्यांना ऐच्छिक ठेवावं, आणि तसं परिपत्रक काढण्यापूर्वी मसुदा हरकतींसाठी ३० दिवस खुला ठेवावा, ही विनंती.

आपले,
प्रयोगशाळा, क्षेत्र-पाहणी आणि सांख्यिकी या क्षेत्रांत काम करणारे काही जण

प्रत : विद्यापीठ ग्रंथपाल, संशोधन केंद्रांचे प्रमुख